अळंबी आणि वटवाघूळ: तुलनेची नोंद कशी करावी

वारुळावरची अळंबी (टर्मिटोमायसिस) आणि मोठं फळखाऊ वटवाघूळ यांची तुलना रंग-आकारापासून सुरू करू नका. एक बुरशी, दुसरा सस्तन प्राणी. त्यातून हाती काही लागत नाही. दोघांना लागू पडणारे तीनच प्रश्न तक्त्यात घ्या: पोट कशावर, मुक्काम कुठे, पसारा कसा वाढतो.

अळंबी आषाढ-श्रावणात पाटण, जावळी, शिराळ्याकडच्या बांधांवर पाहा. कोयना-चांदोलीच्या संरक्षित जंगलात वनखात्याच्या परवानगीशिवाय काही उपटू नका. ओढून काढली की देठ मातीतच तुटतो आणि ओळखीची मोठी खूण जाते. बाजूने खुरप्याने माती सैल करत खाली जा. देठ मुळासारखा निमुळता होत वारुळाकडे उतरलेला दिसेल. तिथेच थांबा. वाळवी आत वाळका पालापाचोळा नेऊन त्यावर ही बुरशी पोसते, म्हणून वारूळ जगलं तरच अळंबी पुन्हा तिथे येते.

पुढे बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या बीसारख्या सूक्ष्म कणांचा, ठसा. नुकती उमललेली छत्री देठापासून कापा, अर्ध्या पांढऱ्या, अर्ध्या काळ्या कागदावर छत्रीच्या पोटाकडची झालर खाली करून ठेवा, वर वाटी पालथी घाला. 8 ते 12 तासांनी फिकट गुलाबी ठसा मिळतो. ठसा उठलाच नाही तर छत्री सुकलेली किंवा अजून कळीत होती. हिरवट ठसा विषारी छत्रीचा असू शकतो. पण गुलाबी ठसा म्हणजे खाण्याजोगी, असंही नाही. एन्टोलोमा या विषारी गटाचा ठसाही गुलाबीच असतो.

वटवाघळांसाठी कृष्णाकाठचा वस्तीचा वड किंवा चिंच निवडा. सूर्यास्ताआधी पाव तास, 50 मीटर लांब, पश्चिमेकडे तोंड करून उभे राहा. उजेड शिल्लक असलेल्या आभाळावर पंख स्पष्ट दिसतात. एकाने दहा-दहाच्या गटांनी मोजावं, दुसऱ्याने लिहावं. फ्लॅश, फटाके नकोत: उन्हाळ्यात माद्यांच्या पोटाशी पिल्लू असतं, वर्षाला एकच, आणि घाबरून उडताना ते खाली पडतं. झाडाखालचे चोथे आणि विष्ठा हातमोजे, मास्क घालूनच तपासा. त्यात उंबर, पिंपळाच्या बारीक बिया सापडतात. गुहांत तर शिरूच नका. पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेने मार्च 2020 मध्ये महाबळेश्वरच्या गुहेतून घेतलेल्या वटवाघळांच्या नमुन्यांत निपाह विषाणूच्या संसर्गाच्या खुणा आढळल्या होत्या.

तक्त्यात बीजाणूंसमोर या बिया लिहा. बीजाणू वाऱ्याच्या भरवशावर आणि वाळवीपर्यंत पोचले तरच रुजणारे. बिया मात्र पोटातून कित्येक किलोमीटर दूर टाकल्या जातात. या ओळीला तक्त्यात सगळ्यात जास्त जागा ठेवा.