जुनी मॉडिफाइड होंडा सिटी व्हीटेक घ्यायचीय? गोव्यातली तयारीची यादी

गाडी बघायला गेलात की मालक आधी बॉनेट उघडतो आणि काय काय बसवलंय ते सांगायला लागतो. हेडर (इंजिनातला धूर बाहेर नेणाऱ्या मोकळ्या नळ्या), मोठा एअर फिल्टर, सतरा इंची अलॉय, खाली उतरवलेल्या स्प्रिंगा. सगळं शांतपणे ऐकून घ्या आणि मग विचारा, ‘काढलेलं सामान कुठे आहे?’ मूळ सायलेन्सर, मूळ स्प्रिंगा, कंपनीचा एअर फिल्टरचा डबा, मूळ चाकं आणि स्टिअरिंग. माझ्या यादीत हा प्रश्न पहिला आहे, कारण पुढची निम्मी कामं त्याच्या उत्तरावर ठरतात. ज्याने हे सामान खोक्यात भरून माळ्यावर ठेवलंय त्याने गाडीही बहुतेक जपलेली असते. ज्याने ते भंगारात घातलं, त्याच्याकडून गाडी घेताना ते सामान पुन्हा जमवण्याचा खर्च किमतीतून वजा करा.

आपल्याकडे दोन दारांची खरी स्पोर्ट्स कार परवडणाऱ्या किमतीत जवळजवळ मिळतच नाही. सॅन स्टॉर्म होती. दोन जणांची, उघड्या छताची, फायबरग्लासच्या बॉडीत रेनोचं १.२ लिटर इंजिन. फायबरला गंज धरत नाही हे गोव्यात मोठं सुख, पण तिचं सामान शोधण्यात उमेद संपते. म्हणून बहुतेकांची स्पोर्ट्स कार म्हणजे फियाट पॅलिओ १.६, ऑक्टाव्हिया आरएस किंवा २००० ते २००३ मधली होंडा सिटी १.५ व्हीटेक (व्हीटेक म्हणजे जास्त आरपीएमला व्हॉल्व जास्त उघडणारी होंडाची यंत्रणा). मी सिटीचा माणूस. १०६ बीएचपी, तेही ६८०० आरपीएमला, आणि वजन एक टनाच्या आसपास. आरपीएम वर चढत गेले की येणारा आवाज मी कॉलेजात असताना फोंड्याच्या रस्त्यावर पहिल्यांदा ऐकला, तो डोक्यातून गेलाच नाही. पुढचं सगळं सिटी समोर ठेवून लिहितोय, पण बराचसा भाग कुठल्याही जुन्या पेट्रोल गाडीला लागू पडेल.

तयारी कॅलेंडरपासून सुरू करा. गाडी पावसात बघा. जून-जुलैत दाराची रबरं, डिकी आणि पुढच्या काचेची कड कुठे गळते ते आपोआप दिसतं. व्यवहार पावसाळा संपताना करा, पण पत्र्याचं आणि रंगाचं काम नोव्हेंबर ते मार्च या कोरड्या महिन्यांतच घ्या. दमट हवेत मारलेल्या रंगाखाली ओल अडकते आणि पुढच्या पावसाळ्यात तिथेच फोड येतात. गणेशचवथीच्या आधीच्या महिन्यात गॅरेजवाल्याला गाडी देऊच नका. सगळ्यांना गाडी सणाआधी हवी असते आणि आपल्यासारखं वेळखाऊ काम कोपऱ्यात ढकललं जातं.

गाडी येण्याआधी तिची जागा तयार हवी. वर पत्रे असलेली आणि दोन्ही बाजूंनी वारा खेळणारी शेड सगळ्यात चांगली. जमीन मातीची असेल तर आधी कोबा घालून घ्या, नाहीतर खालून वाफ चढत राहते. प्लॅस्टिकची ताडपत्री गाडीवर घट्ट बांधू नका, आत घाम सुटतो आणि गंज दुप्पट वेगाने धरतो. माडाखाली तर नकोच. पावसात उंदीर इंजिनात घर करतात आणि वायरी कुरतडतात, म्हणून दर आठवड्याला बॉनेट उघडून बघायची सवय आतापासून लावा.

आता कागद. इथे घाई केलीत तर पुढची मेहनत फुकट जाऊ शकते. नोंदणी पहिल्यांदा पंधरा वर्षांची असते, नंतर फिटनेस तपासून पाच-पाच वर्षांनी वाढते. म्हणजे २००२ ची गाडी २०१७ मध्ये एकदा आणि २०२२ मध्ये पुन्हा नूतनीकरण झालेली असायला हवी. तशी नोंद नसेल तर ती गाडी आज रस्त्यावर चालवता येत नाही, मालक काहीही सांगो. चासी नंबर आणि इंजिन नंबर स्वतः टॉर्च मारून वाचा आणि आरसीशी अक्षर-अक्षर ताडा. इंजिन बदललेलं असेल आणि आरसीवर नोंद नसेल तर तिथूनच परत फिरा. रंग बदलला असेल तर त्याचीही नोंद लागते. बँकेचा बोजा आरसीवर दिसत असेल तर कर्ज फिटल्याचं पत्र आणि फॉर्म ३५ मालकाकडूनच घ्या. गाडी कधीकाळी काळ्या पाटीवर पिवळ्या अक्षरांची, म्हणजे भाड्याने दिली जाणारी होती का, हेही गोव्यात बघावं लागतं. खाजगीत रूपांतर झालेलं असेल तर तो इतिहास कागदांत सापडतो. अशी गाडी किती हातांनी आणि कशी चालवली असेल याचा अंदाज तुम्हीच करा.

नाव बदलायला फॉर्म २९ आणि ३०. गाडी बेळगाव, कोल्हापूर किंवा पुण्याची असेल तर तिथल्या आरटीओची एनओसी म्हणजे फॉर्म २८ हवा. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांपेक्षा जास्त काळ इथे ठेवली तर गोव्याचा नंबर घ्यावा लागतो, त्यामुळे इथला रोड टॅक्सही हिशेबात धरा. तरीही माझं स्पष्ट मत असं आहे की किनाऱ्यावर वाढलेल्या स्वस्त गाडीपेक्षा घाटावरची गाडी एनओसीच्या हेलपाट्यांसकट परवडते. कागदाचा त्रास एकदाच होतो, खाऱ्या वाऱ्याने पोखरलेला पत्रा मात्र दरवर्षी पैसे मागतो.

मॉडिफिकेशनबद्दल कायदा सरळ आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल चालत नाहीत आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर बेकायदा बदलासाठी मालकाला प्रत्येक बदलामागे ५००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बदल आधीच्या मालकाने केला हे सांगून फारसा उपयोग होत नाही, गाडी आता तुमच्या नावावर असते. काढलेल्या सामानाचं खोकं पहिल्यांदा कामाला येतं ते इथे. विमा नावावर करण्यासाठी चौदा दिवसांच्या आत अर्ज करा आणि गाडीवर जे काही मूळचं नाही ते विमा कंपनीला लेखी कळवा.

कागद पटले की गाडीखाली शिरा. पहिली गाडी बघायला गेलो तेव्हा मी रंगाची चमक बघत उभा होतो. सोबत आणलेले मेस्त (मेकॅनिक) खांद्यावर हात ठेवून म्हणाले, ‘बाब, पयलीं सकयल पळय, मागीर वयर.’ आधी खाली बघ, मग वर. ती गाडी वरून आरशासारखी होती आणि खाली डाव्या बाजूच्या दाराखालच्या पट्टीत माझं बोट आत गेलं. तेव्हापासून जुनं पॅन्ट-शर्ट, टॉर्च, पेचकस आणि फडक्यात गुंडाळलेलं फ्रिजवरचं चुंबक घेतल्याशिवाय मी गाडी बघायला जात नाही. चुंबक मागच्या चाकांच्या कमानींवर, दारांच्या खालच्या कडांवर आणि दाराखालच्या पट्टीवर हळूहळू फिरवा. जिथे ते पकड सोडतं तिथे पत्रा नाही, लांबी (पुट्टी) भरलेली आहे. पेचकसाच्या मुठीने ठोकलं की चांगला पत्रा खणखणतो, कुजलेला भद्द वाजतो. पुढच्या शॉकअप जिथे वर बॉडीला बसतात ते टॉवर, स्टेपनीचा खळगा आणि ब्रेकच्या लोखंडी नळ्या नीट बघा. नळीवर गंजाचे फोड दिसले तर ती गाडी चालवत घरी आणायची नाही, टोइंगने आणायची. खाली नुकतंच काळंकुळीत अंडरकोटिंग मारलेलं दिसलं तर संशय घ्या. विकायच्या आठवड्यात कुणी चांगल्या पत्र्यावर कोटिंग करत नाही. वरवरचा गंज घासून, प्रायमर मारून थांबतो. चाकाच्या कमानीचा पत्रा कापून नवा वेल्ड करता येतो. पण चासीच्या पट्ट्या किंवा शॉकअपचे टॉवर पोखरलेले असतील तर कितीही आवडली तरी ती गाडी सोडा.

पुराच्या पाण्याची गाडी वेगळी ओळखावी लागते. ऑगस्ट २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळुणात, आपल्या सत्तरी-डिचोलीतही, गाड्या पाण्याखाली गेल्या होत्या. सीटबेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा. धुताना आतल्या गुंडाळीपर्यंत कुणी पोचत नाही, तिथे मातीची रेघ राहते. मॅटखालचं फोम दाबून हुंगा. सीटचे बोल्ट गंजलेत का ते बघा. डॅशबोर्डखाली हात घालून एक-दोन कनेक्टर उघडा. पिनांवर हिरवट थर दिसला की ती गाडी वर्षानुवर्षं कधी इथे, कधी तिथे बंद पडत राहणार.

इंजिन थंड असतानाच पहिला सेल मारायचा असा आग्रह धरा. तुम्ही पोचण्याआधी गाडी गरम करून ठेवली असेल तर दुसऱ्या दिवशी पुन्हा जा. फोंड्याहून मोलेमला जाऊन अनमोड घाट चढवा आणि उतरवा. चढताना तापमानाचा काटा मध्याच्या वर जाता कामा नये. उतरताना गिअरमध्ये पाय सोडून, मग पुन्हा अॅक्सिलरेटर दिल्यावर मागे निळा धूर आला तर व्हॉल्व सील गेलेत. इंजिन गरम झाल्यावरही पांढरा धूर येत राहिला आणि कूलंट कमी होत असेल तर हेड गॅस्केटकडे बघा. व्हीटेकची वरच्या आरपीएमची कॅम इंजिन ऑइलच्या दाबावर लागते. ऑइल कमी असेल, जळकट असेल किंवा व्हीटेक सोलेनॉइडची (ऑइल सोडणाऱ्या विजेच्या झडपेची) जाळी तुंबली असेल तर वरचा जोर येतच नाही, आणि लोक उगाच इंजिन गेलं म्हणतात. टायमिंग बेल्ट कधी बदलला याची पावती नसेल तर तो बदललेला नाही असंच धरा. वॉटर पंप त्याच बेल्टवर चालतो, म्हणून दोन्ही एकदमच बदला. त्या काळच्या होंडांमध्ये आणखी एक गोष्ट दिसते. भर उन्हात उभी केलेली गाडी सुरू होत नाही आणि संध्याकाळी निमूटपणे सुरू होते. बऱ्याचदा ते मेन रिलेच्या आतलं तडकलेलं सोल्डरिंग असतं. काम अर्ध्या तासाचं, पण माहीत नसेल तर आधी गाडीतला फ्यूएल पंप बदलण्यावर खर्च होतो.

दुसऱ्यांनी केलेलं काम उलगडणं यावर मात्र भरपूर वेळ ठेवा. सगळ्यात आधी वायरिंग. एचआयडी दिवे, अॅम्प्लिफायर, सेंट्रल लॉक, प्रत्येकासाठी कुणीतरी मूळ हार्नेस (कंपनीच्या वायरींचा जुडगा) कापून, वायरी पिळून वर काळी टेप गुंडाळलेली असते. खाऱ्या हवेत तिथलं तांबं हिरवं पडतं, जोड तापतो, आणि फ्यूज सोडून थेट बॅटरीवरून वायर ओढलेली असेल तर आग लागू शकते. मी माझ्या गाडीतून अशी वायर काढली तेव्हा तिचं प्लॅस्टिक एका जागी वितळून पत्र्याला चिकटलेलं होतं. नंतरची प्रत्येक वायर काढा आणि मूळ हार्नेस सोल्डर करून नीट करा. मगच म्युझिक सिस्टिमचा विचार करा.

उतरवलेल्या स्प्रिंगांचं कौतुक गतिरोधकापर्यंतच टिकतं. स्प्रिंग कापलेली आहे की तयार छोटी आहे ते बघा. कापलेली असेल तर वादच नको, काढा. चाकं वळवून टायर कमानीला घासतात का तेही तपासा. टायरच्या कडेवरचे चार आकडे वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. नक्षी कितीही शिल्लक असली तरी इतके जुने टायर घाटात नेऊ नका. सायलेन्सरच्या आधीचा, धूर स्वच्छ करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर काढलेला असेल तर पीयूसीत अडकाल आणि पेट्रोलच्या वासाने डोकंही दुखेल.

पेट्रोलकडे लोकांचं लक्षच जात नाही. आता पंपावर मिळतं ते २० टक्के इथेनॉल मिसळलेलं. या गाड्यांच्या रबरी नळ्या त्यासाठी बनलेल्या नव्हत्या. इथेनॉल हवेतली ओल शोषतं, आणि गोव्याच्या दमट हवेत महिना-दोन महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत त्याचं पाणी तळाशी बसून टाकी आतून गंजू शकते. म्हणून टाकी उतरवून आतून बघा, पेट्रोलच्या सगळ्या नळ्या इथेनॉलला टिकणाऱ्या घाला, फिल्टर बदला. पावसाळ्यात टाकी भरलेली ठेवा आणि आठवड्यातून एकदा गाडी खरोखर चालवा, नुसती सुरू करून बंद करू नका.

कामाचा क्रम आधी ब्रेक, मग पेट्रोल, मग वायरिंग, बेल्ट आणि कूलिंग, मग सस्पेन्शन. रंग सगळ्यात शेवटी. गाडीला जितके दिले तितकेच पैसे वर्षभरासाठी बाजूला असतील तरच हात घाला. सुटं सामान मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर शोधून रात्रीच्या बसने पार्सल मागवता येतं, पण मागवण्याआधी जुन्या भागाचा फोटो आणि त्यावरचा नंबर पाठवा. पत्र्याचं काम झालं की दारांच्या तळाची पाणी जाण्याची भोकं तारेने मोकळी करा आणि पोकळ पट्ट्यांत गंजरोधक मेण फवारा.

पहिला लांबचा फेरा पहाटे काढा. सोबत कूलंटची बाटली, ऑइल, फ्यूज, बेल्टच्या मापाचे पाने आणि मोठा टॉर्च ठेवा. गाडीचे कागद पाण्यात भिजणार नाहीत अशा पिशवीत घ्या. घरी आल्यावर गाडीखाली पुठ्ठा पसरा. सकाळी त्यावर कुठे आणि कसल्या रंगाचा थेंब पडलाय ते बघा, डिपस्टिक पुसून ऑइलची पातळी मोजा आणि तारखेसह वहीत लिहून ठेवा.