सोनोग्राफीच्या रिपोर्टमधल्या गाठी: आकडे आणि शब्द कसे वाचावेत

मानेच्या सोनोग्राफीत 'फ्यू सबसेंटिमेट्रिक लिम्फ नोड्स, लाइकली रिअ‍ॅक्टिव्ह' ही ओळ वाचून पोटात गोळा येतो. तिचा अर्थ एवढाच: एक सेंटिमीटरहून लहान काही लसीका ग्रंथी दिसल्या, बहुधा घसा, दात किंवा डोक्यातल्या फोडांच्या संसर्गामुळे फुगलेल्या. पायाला जखम झाली की जांघेत अवधाण येतं, तसंच हे.

'१८ × ६ मिमी' असं लिहिलं असेल तर पाहायचा तो लहान आकडा. मानेत तो साधारण १० च्या आत असावा. जांघेत १५ पर्यंत चालतो, लहान मुलांच्या पोटातल्या ग्रंथींना साधारण ८ पर्यंत. गळपट्टीच्या हाडावर मात्र सूट नाही. तिथली, त्यातही डावीकडची, छोटी गाठसुद्धा तपासून घ्यावी.

मग लांबीला रुंदीने भागा. उत्तर २ पेक्षा जास्त आलं तर ग्रंथी घेवड्याच्या दाण्यासारखी लांबट, म्हणजे बरी. म्हणूनच १८ × ६ पेक्षा ११ × १० ची गोल गाठ जास्त खटकते.

सगळ्यात दिलासा देणारे शब्द 'फॅटी हायलम मेन्टेन्ड'. रक्तवाहिन्या जिथून आत शिरतात तो चरबीचा पांढरा पट्टा शाबूत आहे. तो नाहीसा असेल आणि डॉपलरमध्ये रक्तप्रवाह कडेकडेने दिसत असेल, तर पुढची तपासणी हवी. (अगदी बारीक ग्रंथीत हायलम दिसतच नाही, तेवढ्यावरून घाबरू नये.) काखेतल्या ग्रंथीत कॉर्टेक्सची, म्हणजे बाहेरच्या थराची, जाडीही बघतात, ३ मिमीच्या वर गेली की शंका.

'मॅटेड' म्हणजे एकमेकींना चिकटलेल्या, 'नेक्रोसिस' म्हणजे आतून सडलेल्या. आपल्याकडे अशा वेळी आधी टीबी आठवतो, पण कर्करोगातही हे दिसतं, त्यामुळे नुसत्या रिपोर्टवर टीबीची औषधं सुरू करू नयेत. सुईने नमुना घेताना त्यातला थोडा सलाइनमध्ये सीबीनॅटसाठी (टीबीचे जंतू शोधणारी तपासणी) ठेवायला आधीच सांगा. सगळा फॉर्मालिनमध्ये गेला तर कल्चर, म्हणजे जंतू वाढवून पाहणं, होत नाही. लिम्फोमाची (लसीका ग्रंथींच्या कर्करोगाची) शंका असेल तर सुईचा नमुना बहुधा अपुरा पडतो, बायोप्सी लागते. त्याआधी स्टेरॉइड घेऊ नका, गाठ बसते आणि निदान लपतं.

रिअ‍ॅक्टिव्ह असेल तर चार ते सहा आठवड्यांनी, जमल्यास त्याच सेंटरमध्ये, पुन्हा सोनोग्राफी करा. १-२ मिमीचा फरक मोजणाऱ्या हाताचाही असतो. मात्र ताप, रात्रीचा घाम किंवा घटतं वजन असेल तर तोवर थांबू नका.