भातुकलीतून भाषा : एक ते पाच वर्षांच्या मुलांशी कसं खेळावं

मूल बोलतं व्हावं म्हणून एकच खेळणं आणायचं असेल, तर भातुकली आणावी. स्वयंपाकघर मूल रोज बघतं. कुकरची शिट्टी, फोडणीचा चर्र आवाज, पोळी लाटतानाची लगबग हे सगळं त्याच्या ओळखीचं असतं. अर्थ आधीच ठाऊक असतो, फक्त शब्द हवा असतो. दुसरं कारण खास मराठीचं आहे. चहा केला, भाजी केली, वरण केलं, पोहे केले, पोळ्या केल्या. जे केलं त्याच्या लिंगवचनाप्रमाणे मराठीत क्रियापद बदलतं, आणि हा बदल दहा मिनिटांत वीस-पंचवीस वेळा सहज कानावर पडेल असा दुसरा खेळ सापडणं कठीण आहे. भातुकली मुलींची असते, हा समज मात्र पहिल्याच दिवशी बाजूला ठेवावा. भाषा मुलग्यांनाही तेवढीच लागते.

काय घ्यावं, किती घ्यावं

पन्नास भांड्यांचा संच दिसायला सुंदर असतो, पण दीड-दोन वर्षांच्या मुलापुढे तो एकदम मांडला की मूल नुसतं उचलतं आणि टाकतं. अमेरिकेतल्या टोलेडो विद्यापीठाच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात ३६ लहान मुलांना एकदा ४ आणि एकदा १६ खेळणी दिली होती. ४ खेळणी असताना मुलं एकेका खेळण्याशी जास्त वेळ आणि जास्त तऱ्हांनी खेळली. म्हणून एका वेळी पाच-सहा प्रकारच्या वस्तूच बाहेर काढाव्यात, बाकीच्या पिशवीत ठेवाव्यात आणि आठवड्याने दोन-तीन बदलाव्यात.

सुरुवातीला तवा, झाकण असलेलं पातेलं, दोन वाट्या, एक चमचा आणि दोन कप पुरेत. मग पोळपाट-लाटणं, कढई, उलथणं, डबा, ताट. दोन वाट्या आणि दोन कप मुद्दाम सांगितले आहेत. वस्तू दोन असल्या की ‘तुला एक, मला एक’, ‘मोठी वाटी, छोटी वाटी’, ‘ही नको, ती दे’ अशी वाक्यं आपोआप येतात. एकाच कपात ती येत नाहीत. सोबत एक बाहुली, एक बाहुला आणि एखादं कापडी मांजर असावं. जेवायला कोणी नसेल तर स्वयंपाक दोन मिनिटांत संपतो.

भांडी लाकडी असोत, स्टीलची किंवा चांगल्या प्लास्टिकची, भाषेला फरक पडत नाही. सावंतवाडीच्या चितारआळीत मिळणारी लाकडी फळं आणि भाज्या हातात घ्यायला छान असतात, रंगही खऱ्यासारखे. वेल्क्रोच्या चिकटपट्टीने जोडलेल्या, खेळातल्या सुरीने ‘कापता’ येणाऱ्या भाज्याही उपयोगी, कारण काप, जोड, अर्धं, तुकडा हे शब्द त्यांतून येतात. लोहचुंबकाने जोडलेल्या मात्र घेऊ नका. चुंबक सुटून पोटात गेला तर धोका गंभीर असतो.

तीन वर्षांखालच्या मुलासाठी वस्तूंचा आकार तपासा. जाड कागदाची साधारण ४ सेंमी व्यासाची नळी करा. जी वस्तू किंवा जो सुटा भाग तिच्यात पूर्ण मावतो, तो त्या मुलाच्या हाती नको. जुन्या पितळी भातुकलीतली इटुकली फुलपात्रं या चाचणीत हमखास नापास होतात, ती थोडी वर्षं कपाटातच बरी. भारतात १ जानेवारी २०२१ पासून खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे. नोंदणीकृत हस्तकारागिरांना त्यातून सूट असल्याने लाकडी हस्तकलेवर ते दिसेलच असं नाही. तिथे कडा टोचतात का आणि ओल्या पांढऱ्या फडक्याने पुसल्यावर रंग निघतो का, एवढं स्वतः पाहावं.

भातुकलीत खरा खाऊ ठेवण्याची आपली जुनी रीत चांगली आहे, पण शेंगदाणे आणि फुटाणे घशात अडकतात. चार-पाच वर्षांपर्यंत ते अजिबात नकोत. पोळीचे मऊ तुकडे किंवा केळ्याच्या बारीक फोडी द्या, आणि खाताना मूल बसलेलं असू द्या.

बसायचं कसं

जमिनीवर, समोरासमोर. मूल मांडीत पाठमोरं असेल तर त्याला तुमचं तोंड दिसत नाही, आणि शब्द शिकताना ओठ बघणं फार उपयोगाचं असतं. टीव्ही बंद. दिवसातून दहा-पंधरा मिनिटं दोनदा, हे रविवारच्या दोन तासांपेक्षा चांगलं. मूल उठून गेलं तर खेळ संपला, मागे धावायचं नाही.

आता मुख्य कृती. मूल काय करतंय ते आधी बघा. मग त्याच गोष्टीवर एक छोटं वाक्य बोला. मग गप्प राहा. मनात पाच ते दहा अंक मोजा. मोठ्यांना ही शांतता असह्य होते आणि ते तिसऱ्या अंकालाच पुढचं वाक्य टाकतात, इथेच बहुतेकांचं बिघडतं. मुलाला ऐकलेलं समजून घ्यायला, शब्द शोधायला आणि तोंड हलवायला वेळ लागतो. तुम्ही तो भरून टाकलात तर त्याची पाळी येतच नाही. त्याने शब्द काढला, बोट दाखवलं, नुसतं ‘अं’ केलं, तरी ते बोलणंच समजा आणि त्यात एक-दोन शब्द घालून परत द्या.

मूल : चा.
तुम्ही : चहा! गरम चहा.
(थांबा.)
मूल : गम्म.
तुम्ही : गरम आहे. फुंकर मार, फूऽऽ.

पाच शब्दांचं वाक्य नको. मूल एक शब्द बोलत असेल तर तुम्ही दोन-तीन, दोन बोलत असेल तर तीन-चार. पण वाक्य लहान म्हणजे मोडकं नव्हे. ‘बाळ चहा पिणार’ हे मराठी ठीक आहे, ‘बाळ चहा’ हे तोडून दिलेलं मराठी नको.

वयाप्रमाणे काय बदलायचं

साधारण १२ ते १८ महिन्यांत शब्दांइतकंच आवाजांना महत्त्व द्या. लाटण्याचा ठकठक, फोडणीचा चर्र, उकळणाऱ्या वरणाचा खदखद. मराठीत असे नादशब्द भरपूर आहेत आणि मुलं ते लवकर उचलतात. सोबत दे, घे, आणखी, संपलं, नको हे शब्द ठेवा, कारण त्यांनी मुलाचं काम होतं. मम्मं, भूभू, माऊ असे बाळबोलीतले शब्द वापरायला हरकत नाही, फक्त त्यांच्या शेजारी मोठा शब्द ठेवा : ‘मम्मं हवं? हा घे भात.’ पातेल्यात वाटी लपवून झाकण उघडताना ‘कुक!’ करा. तीन-चार वेळा झाल्यावर झाकणावर हात ठेवून थांबा. बहुतेक मुलं त्या क्षणी स्वतः आवाज काढतात.

दीड ते अडीच वर्षांत दोन शब्द जोडायला लागतात. ‘बाबा चहा’, ‘माऊ पोळी’. इथे प्रत्यय ऐकवा : बाबांना चहा, माऊला पोळी, ताटात भात, तव्यावर पोळी. आणि भांडी निवडताना एक बारीक गोष्ट लक्षात घ्या. वाटीचं वाटीत होतं आणि कढईचं कढईत, पण तव्याचं ‘तव्यावर’, डब्याचं ‘डब्यात’, पातेल्याचं ‘पातेल्यात’. मुलं ‘तवावर’, ‘डबात’ म्हणतात. दोन्ही प्रकारची भांडी मांडलीत तर ही रूपं रोज कानावर पडतात, शिकवावी लागत नाहीत.

अडीच ते चार हा लिंगवचनाचा काळ. ‘मी पोळी खाल्ला’ असं ऐकलं की ‘असं नाही म्हणायचं’ म्हणू नका. ‘पोळी खाल्लीस? मऊ होती का?’ एवढंच म्हणा. योग्य रूप कानावर पडतं आणि गप्पाही चालू राहतात. ‘मी भात करलं’ ही चूकही चांगलं लक्षण आहे. पळालं, बसलं यांतला नियम मुलाने स्वतः शोधून ‘कर’ला लावला आहे. ‘भात केलास? वा!’ म्हणा, ‘केलं’, ‘केला’ यथावकाश बसेल.

याच वयात मुलगा ‘मी जाते’ म्हणतो किंवा मुलगी ‘मी करतो’ म्हणते. दिवसभर ज्याच्याजवळ असतात त्याची क्रियापदं उचललेली असतात, घाबरण्याचं काही नाही. बाहुला आणि बाहुली यासाठीच हवेत. बाहुली म्हणते, ‘मी भाजी आणते.’ बाहुला म्हणतो, ‘मी पाणी आणतो.’ मग एक बाहुली मुलाच्या हातात द्या. ‘आम्ही’ आणि ‘आपण’ यांतला फरकही असाच बसतो : बाहुल्या म्हणतात, ‘आम्ही जेवलो, तुम्ही?’ आणि मग, ‘चला, आपण सगळे चहा घेऊ.’

बोबडेपणाची घाई करू नका. प, ब, म लवकर येतात. र, ळ, ण यांना वेळ लागतो, म्हणून पोळीची ‘पोली’ होते. ‘म्हण बघू, पोऽळी’ अशी उजळणी करवून घेतली की मूल तो शब्दच टाळायला लागतं. तुम्ही स्वच्छ ‘पोळी’ म्हणा. पोळी, केळं, डाळ, गूळ, पळी यांत ळ इतक्यांदा येतो की वेगळा सराव लागत नाही.

चार ते पाच वर्षांच्या मुलाला नावं विचारणं म्हणजे कंटाळा आणणं. त्याला अडचण द्या. गॅस संपला. पाहुणे आले आणि कप एकच. मीठ जास्त पडलं. आता ‘कारण’, ‘म्हणून’, ‘नाहीतर’ लागतील. पोहे कसे करायचे ते बाहुलीला सांगायला लावा : आधी भिजवायचे, मग फोडणी, नंतर पोहे, शेवटी कोथिंबीर. क्रम चुकला तर तुम्ही तसंच करा, रिकाम्या कढईत कोथिंबीर टाका, मूल स्वतःच थांबवेल आणि नीट सांगेल. आजोबा पाहुणे झाले तर ‘या, बसा, चहा घ्या’ आणि बाहुलीला ‘ये, बस, घे’. तू आणि तुम्ही यांची अदलाबदल अशी खेळात भूमिका बदलल्यावर पटकन समजते.

कुठे चुकतं

सगळ्यात मोठी चूक परीक्षेची. ‘हे काय आहे? याचा रंग कोणता? किती आहेत?’ उत्तर तुम्हाला माहीत आहे हे मुलालाही कळतं, आणि ते गप्प होतं. एका प्रश्नामागे तीन-चार साधी वाक्यं असावीत, आणि प्रश्न खरा असावा : ‘माझ्या चहात साखर घालू की नको?’

‘आधी बोल, मग देईन’ असं अडवणंही नको. एकदा थांबून बघणं वेगळं आणि रडेपर्यंत वस्तू धरून ठेवणं वेगळं. वस्तू अशी धरून ठेवली की ‘बोलणं म्हणजे त्रास’ एवढंच मुलाला कळतं.

बटण दाबल्यावर गाणारी, बोलणारी शेगडी घेऊ नये. अमेरिकेतल्या नॉर्दर्न ॲरिझोना विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात १० ते १६ महिन्यांच्या २६ मुलांचा पालकांबरोबरचा घरचा खेळ ध्वनिमुद्रित केला होता. बोलणाऱ्या, चमकणाऱ्या खेळण्यांच्या वेळी पालक कमी बोलले आणि मुलांशी देवाणघेवाणही कमी झाली. पुस्तकांच्या वेळी सर्वांत जास्त बोलणं झालं. घरात अशी शेगडी आधीच असेल तर तिचे सेल काढून ठेवा.

मोठं भावंड धाकट्याच्या वतीने उत्तर देतं, हे फार घरांत दिसतं. त्याला वाढप्याचं काम द्या. प्रत्येकाला ‘तुला काय हवं?’ विचारायचं आणि उत्तर मिळेपर्यंत थांबायचं, हा त्याच्या कामाचाच भाग.

परदेशातल्या किंवा इंग्रजी शाळेत जाणाऱ्या मुलाने ‘मला स्पून पाहिजे’ म्हटलं तर भाषा बिघडली असं नाही. ‘चमचा हवा? हा घे चमचा’ म्हणत पुढे चला. दोन भाषा ऐकल्यामुळे बोलण्याचा विकार होत नाही. जिथे मराठी फक्त घरात उरते, तिथे भातुकली संपूर्ण मराठीत खेळावी. पोळपाट, उलथणं, पळी असे शब्द त्या मुलाला बाहेर कुठेच भेटणार नाहीत.

थांबून बघू नये अशी लक्षणं

१२ महिन्यांपर्यंत बाबा-मामा-दादा असे आवाज नाहीत किंवा बोट दाखवणं, टाटा करणं नाही; १६ महिन्यांपर्यंत एकही शब्द नाही; २४ महिन्यांपर्यंत स्वतः जोडलेले दोन शब्द नाहीत; नावाने हाक मारल्यावर बघत नाही; किंवा येत असलेले शब्द कोणत्याही वयात गेले. यांपैकी काहीही दिसलं तर ‘त्याचे बाबाही उशिरा बोलले’ यावर थांबू नका. पहिली पायरी म्हणजे श्रवणचाचणी, मूल दार वाजल्यावर वळत असलं तरीही. थोडं कमी ऐकू येणारी मुलं मोठ्या आवाजाला वळतात, पण शब्दांतले बारीक ध्वनी त्यांना निसटतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाची तपासणी अंगणवाडीत होते आणि पुढच्या तपासणीसाठी जिल्हा पातळीवर शीघ्र हस्तक्षेप केंद्रं आहेत. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्था आहे. जाण्याआधी घरी भातुकली खेळतानाचं पाच मिनिटांचं चित्रण मोबाइलवर करून ठेवा, तुमचा आणि मुलाचा चेहरा दोन्ही दिसतील असं. अनोळखी खोलीत मूल बरेचदा एक शब्दही काढत नाही, आणि वाचा-श्रवणतज्ज्ञाला ते घरी काय समजतं, काय मागतं, कशी पाळी घेतं हे त्या चित्रणात दिसतं.