लॉस बान्योसला राहायला येताय? आधी हमरस्ता ओळखा

मनिलाच्या आग्नेयेला साठ-पासष्ट किलोमीटरवर हे गाव. एका अंगाला माकिलिंग डोंगर, दुसऱ्या अंगाला लागुना दे बाय हे फिलिपिन्समधलं सर्वांत मोठं तळं, आणि दोहोंच्या मधून हमरस्ता. घर बघायला निघालात की पहिला प्रश्न हाच: रस्त्याच्या डोंगराकडे की तळ्याकडे? भाडं, डास, पूर, सगळं त्यावर ठरतं.

तळ्याकाठी बायोग, मायोंडोन असे बारांगाय आहेत (बारांगाय म्हणजे आपली ग्रामपंचायत आणि वॉर्ड यांच्या मधलं काहीतरी). तिकडे भाडी कमी आणि मासळी ताजी. पण सप्टेंबर २००९ मधल्या ओंदोय वादळात तळं चढलं, ते काठच्या वस्त्यांतून कित्येक महिने उतरलंच नाही. एवढ्या मोठ्या तळ्याचं पाणी समुद्राकडे जायला नैसर्गिक वाट एकच, पासिग नदी. म्हणून घरमालकाला सरळ विचारा, ओंदोयच्या वेळी पाणी कुठवर आलं होतं? भिंतीवर हात ठेवून दाखवतात, लपवत नाहीत. तो हात कमरेच्या वर गेला तर घर कितीही आवडलेलं असो, पुढचं बघा. नवख्याने बातोंग मालाकेत किंवा विद्यापीठाच्या फाटकाजवळ राहावं, असं माझं मत. बहुतेक ठिकाणी एक महिन्याचं भाडं आगाऊ आणि दोन महिन्यांचं डिपॉझिट मागतात. विद्यापीठाचं सत्र सुरू व्हायच्या तोंडावर खोल्या शोधू नका, सगळा देश तेव्हा इथेच खोली शोधत असतो.

कागदोपत्री हे शहर नाही, नगरपालिकाच आहे. विभागाची सरकारी कचेरी शेजारच्या कालांबात. पण शेतीच्या विज्ञानात या गावाचं वजन आग्नेय आशियाभर आहे. १९०९ साली इथे कृषी महाविद्यालय निघालं, त्याचंच आजचं विद्यापीठ. १९६० मध्ये आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्था आली, आणि १९६६ मध्ये तिने आयआर-८ हे वाण दिलं. कोकणातल्या घरांत रत्ना भात ठाऊक असेल, त्याच्या जनकांपैकी एक हे आयआर-८. संस्थेच्या जनुकपेढीत भाताचे सव्वा लाखाहून अधिक नमुने थंडाव्यात जपले आहेत. गुरुदेव खुश यांनी आयआर-३६, आयआर-६४ इथेच घडवली, आणि १९८२ ते १९८८ स्वामिनाथन संस्थेचे महासंचालक होते. थोडक्यात, भारतीय माणूस इथे नवलाचा नाही. तरीही बरीच मंडळी संस्थेची बस, संस्थेचं कँटीन आणि संस्थेची वसाहत एवढ्यातच वर्षं काढतात आणि 'गावात काही नाही हो' म्हणत परततात. तसं करू नका.

सुरुवात जीपनीपासून, म्हणजे इथल्या शेअर जीपपासून करा. काचेवर 'कालिवा' किंवा 'कानान' लिहिलेलं असतं: डावी आणि उजवी. विद्यापीठाच्या कॅम्पसला कुठल्या बाजूने फेरा मारणार, ते त्यावरून कळतं. चुकीच्या जीपनीत बसलात तरी बिघडत नाही, फुकटची प्रदक्षिणा होते. भाडं पुढच्याच्या हातात देत 'बायाद पो' म्हणायचं, पैसे हातोहात ड्रायव्हरकडे जातात आणि सुटे तसेच परत येतात. उतरायचं असलं की 'पारा पो'. हा 'पो' विसरू नका, आपल्या 'अहो'चं काम तो करतो. ड्रायव्हरला 'कुया' म्हणजे दादा, भाजीवालीला 'आते' म्हणजे ताई.

बाजारात मात्र तुम्हाला माहेरी आल्यासारखं वाटेल. कारलं, दुधी, वांगी, भेंडी, चवळीच्या लांब शेंगा, सगळं आहे. शेवग्याचा पाला ढिगाने मिळतो, शेंगांना मात्र इथे कोणी फारसं विचारत नाही. शेजारच्या झाडाच्या मागितल्यात तर हसत देतील, वर काय करता म्हणून विचारतील. अळूची पानंही मिळतात, वडीला कोवळी निवडून घ्या. शाकाहारी असाल तर खाणावळीत सावध: 'गुलाय' म्हणजे भाजी खरी, पण तिच्यात डुकराच्या मांसाचे तुकडे किंवा कोळंबीचं खारं बागोओंग असतंच असतं. शुक्रवारी मुगाची पातळ उसळ बहुतेक ठिकाणी शिजते, तिच्यातही आधी विचारा. मिक्सर आणलात तर प्लग बदलायचा अडॅप्टर आणा, इथे दोन चपट्या पिनांचे सॉकेट आहेत, व्होल्टेज आपल्यासारखंच.

भारतीय दिसलात की कोणीतरी 'बुंबाय' म्हणेल. चिडू नका. मोटरसायकलवर फिरून 'फाइव्ह-सिक्स' व्याजाने, म्हणजे पाच घेतले की सहा परत, पैसे देणारे बरेचसे पंजाबी सावकार इथे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्यांच्यावरून हे नाव सर्वांनाच चिकटलं. मलाही बाजारात एकीने हळूच कर्ज मागितलं होतं.

कागदपत्रांचं थोडक्यात: एकोणसाठ दिवसांपेक्षा जास्त राहणार असाल तर परकीय नागरिकाचं ओळखपत्र लागतं, आणि ते असलं की दर वर्षीच्या पहिल्या साठ दिवसांत इमिग्रेशनकडे हजेरी (पर्यटक व्हिसावाल्यांना ही हजेरी नाही). संस्थेच्या नोकरदारांचे नियम वेगळे, आपल्या कचेरीत विचारा. वादळाच्या दिवसांत पागासाचे (इथल्या हवामान खात्याचे) सिग्नल एक ते पाच असतात, आकडा चढू लागला की पाण्याचे कॅन भरून ठेवा, कारण वीज गेली की दिवसेंदिवस येत नाही. जुलै २०१४ च्या ग्लेंदा वादळात तसंच झालं.

तूरडाळ, हिंग, पोह्यांसाठी मनिलाच पाहावी लागते. पाको भागात हिंदू मंदिर आणि गुरुद्वाराच्या आसपास भारतीय दुकानं आहेत. पण जायचं तर आडवारी जा. शनिवार-रविवारी पान्सोलच्या गरम पाण्याच्या तलावांवर अर्धी मनिला लोटते आणि हमरस्ता तुंबतो. जाताना दोन तास लागले म्हणून खूश होऊ नका, येताना चार लागतील.