त्सोलफेराइन खाणीची केस स्टडी : आधी कोळशाची वाट काढा

जर्मनीतल्या एसेनची त्सोलफेराइन कोळसा खाण आर्किटेक्चरच्या केस स्टडीला घेतलीत, तर पहिली शीट एलिव्हेशनची (इमारतीच्या दर्शनी बाजूच्या चित्राची) नको. फ्रिट्झ शुप (१८९६–१९७४) आणि मार्टिन क्रेमर या आर्किटेक्टांनी रचलेला इथला बारावा शाफ्ट (खाणीत उतरणारी उभी विहीर आणि तिच्याभोवतीच्या इमारती) १९३२ साली सुरू झाला, तो दिवसाला १२,००० टन कोळसा काढायच्या हिशेबाने. आधी त्या कोळशाची वाट बाणांनी काढा. भरलेल्या खाणगाड्या वर येत आणि रिकाम्या होऊन परत खाली जात. माल सरकत्या पट्ट्यांच्या (कन्व्हेयरच्या) तिरक्या पुलांवरून निवडणीला, मग धुलाईला आणि शेवटी रेल्वेच्या वाघिणींत जाई. एवढं काढलं की ते पूल तिरके का आणि धुलाईची इमारत इतकी उंच का, हे वेगळं विचारावं लागत नाही. कामगारांची ये-जा इतर शाफ्टमधून होती, त्यामुळे कपडे बदलायच्या खोल्या इथे शोधू नका.

दुसऱ्या रंगाने ऊर्जेची वाट काढा: बॉयलरमधली वाफ, त्यावर चालणारे कॉम्प्रेसर आणि दाबाची हवा खाली खाणीत.

आता याच प्लॅनवर अक्ष, म्हणजे मांडणीच्या मध्यरेषा, टाका. एक अक्ष ५५ मीटर उंच शाफ्ट टॉवरवर संपतो, दुसरा बॉयलर हाउसवर, जिथे पूर्वी धुराडं होतं. अंगण आणि दोन्ही बाजूंच्या इमारती अगदी सममित आहेत. ही सममिती कोळशाला नको होती, शुप यांना हवी होती. ‘गरजेतून आपोआप आलेला आकार’ असं शीटवर लिहिलंत तर ज्युरीत (परीक्षकांसमोर काम मांडताना) नेमका हाच प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे.

सगळ्यात जास्त वेळ भिंतीला द्या. यंत्रांचा भार आतला पोलादी सांगाडा घेतो. बाहेरची भिंत म्हणजे पोलादी पट्ट्यांची चौकट आणि तिच्यात अर्ध्या विटेची भर, आपल्या साडेचार इंची भिंतीसारखी. भार नसल्यामुळे यंत्र बदलताना ती उघडता येते. भिंतीचं डिटेल १:५ ला (खऱ्या मापाच्या एक पंचमांश) काढा. १:५० ला वीट आणि पोलाद यांच्यातला सांधा दिसतच नाही, आणि दुखणं तिथेच आहे. तापमानाने दोन्ही वेगवेगळी प्रसरण पावतात, फट पडते, पाणी शिरतं. गंज मूळ पोलादापेक्षा जास्त जागा व्यापतो, म्हणून वीट बाहेर ढकलली जाते. शिवाय इतकी पातळ भिंत थंडी अडवत नाही. खाण १९८६ मध्ये बंद झाली; पुढे इथे संग्रहालयं करताना हा प्रश्न टाळता येण्यासारखा नव्हता.

एसेन हाउप्टबानहोफहून (मुख्य रेल्वे स्टेशनहून) १०७ क्रमांकाची ट्राम थेट त्सोलफेराइनला जाते. धुलाईच्या इमारतीत आता रूर म्युझियम आहे. सरकत्या जिन्याने २४ मीटरवर चढून आत शिरायचं आणि मग खाली उतरत जायचं. धुलाईत कोळशाचाही प्रवास वरून खालीच होता. सेक्शनचं (इमारतीच्या उभ्या छेदाचं) स्केच उतरतानाच करा.

तुलनेसाठी शुप-क्रेमर जोडीचंच जर्मनीतलं दुसरं काम, गोस्लारजवळची रामेल्सबर्ग खाण, घ्या. तिथे खनिज प्रक्रियेचे टप्पे डोंगरउतारावर पायऱ्यांनी उतरतात. दोन्ही सेक्शन एकाच स्केलला शेजारी लावा.