इंग्लंडच्या खेड्यातलं पडकं चर्च कसं बघायचं

सोलापुरातनं पोरांकडं यूकेला जाणारे आईबाबा आता लई झालेत, आणि बहुतेक सगळे लंडन बघून परत येतात. माझं ऐका, एक दिवस काढून यॉर्कशायरमधल्या व्हॅरम पर्सीला जा. मध्ययुगात तिथं नांदतं गाव होतं, 1500 च्या आसपास मेंढ्यांच्या कुरणासाठी शेवटची घरं उठवली, आता गवताखाली जोत्यांचे उंचवटे आणि सेंट मार्टिनचं बिनछपराचं चर्च तेवढं उरलंय. गाव उठलं तरी आजूबाजूची माणसं 20व्या शतकापर्यंत ह्याच चर्चला येत होती.

गेल्यावर नुसते सेल्फी काढून निघू नका. आधी दिशा लावा, बुरूज पश्चिमेला, वेदीची जागा पूर्वेला, इंग्लंडातल्या बहुतेक जुन्या चर्चना हेच लागू पडतं. मग कमानी. अर्धगोल असली तर बहुतेक 12व्या शतकाची किंवा आधीची, टोकदार असली तर नंतरची.

खरा माल बाजूच्या भिंतीत आहे बघा. जरा लांब उभं राहा, भिंतीतच कमानीचा आकार दिसंल, खांब अर्धे बुजलेले, मधला भराव वेगळ्याच दगडांचा, सांधे कुठंच जुळत नाहीत. गावात माणसं वाढली तेव्हा भिंत फोडून कमानी काढल्या आणि बाहेरून आणखी एक दालन जोडलं, पुढं वस्ती घटली, दालन पाडलं आणि कमानी बुजवल्या, म्हणजे गावाची अख्खी चढउतार त्या एका भिंतीत आहे! पाचशे वर्षांपूर्वी उठलेल्या गावाची एवढी साक्ष राहिली ह्याचं मला फार वाटतं.

नजर बसायला जायच्या आधी आपल्या भुईकोट किल्ल्यात एक चक्कर मारा, तिथं देवळाचे अवशेष आहेत, कोरीव दगड कुठं कुठं दिसतात ते शोधा.

बुरूज 1959 मध्ये अर्धा कोसळला, त्यामुळं भिंतीची जाडी उघडी दिसते. पण वर चढू नका, दगड तर उचलूच नका. ही दफनभूमी पण आहे, 1950 ते 1990 च्या उत्खननात जवळपास 700 सांगाडे मिळाले.

जवळचं स्टेशन माल्टन, यॉर्कहून ट्रेन आहे, पुढं गाडी लागते. तिकीट नाही. पार्किंगपासून सव्वा किलोमीटर चालायचं, वाट चिखलाची, गुरं चरत असतात, बूट चांगले घाला. आसपास हॉटेल नाही, कडक भाकरी आणि शेंगाचटणी सोबत ठेवा. येताना चढ आहे, गुडघेदुखीवाल्यांनी काठी घ्या.