जमीन साफ करायला मशीन बोलावताय? या चुका टाळा

दिवाळी झाली, जमीन सुकायला लागली की फोन सुरू होतात. "दादा, दोन एकर रान साफ करून लेव्हल करायचंय, जेसीबीवाला तासाला किती घेतो?" मी आधी खाणीवर मशीनांची सुपरवायझरी केली, आता गोव्यात सत्तरी, डिचोली, धारबांदोडा भागात लोकांच्या बागायतींची कामं घेतो, आणि पहिला प्रश्न कायम रेटचाच येतो. झाडं कसली, माती किती खोल, उतार कुठे, व्हाळ म्हणजे ओढा कुठून जातो, यातलं कोणी काही सांगत नाही. मी विचारलं तर म्हणतात "ते बघू हो, तुम्ही रेट सांगा." जमीन न बघता मशीन ठरवतात तिथेच अर्धं काम बिघडतं. म्हणून यंदा लिहूनच ठेवतोय.

झाडं बुडातून कापून ठेवू नका

ही चूक मी दरवर्षी बघतो आणि दरवर्षी जीव तुटतो. मशीन यायच्या आधी लाकूडवाला येतो, चेनसॉ लावतो आणि एकेक झाड जमिनीलगत कापून नेतो, कारण त्याला बुंध्याचं लाकूड पाहिजे असतं. मालकाला वाटतं निम्मं काम झालं. अहो, खरं काम जमिनीखालीच आहे! उभं खोड हा तुमचा फुकटचा दांडा असतो. पोकलेनने, म्हणजे चेनवर चालणाऱ्या खोदाईच्या मशीनने, वरच्या अंगाला रेटा दिला की मुळासकट झाड हलतं, आणि तो दांडाच तुम्ही कापून टाकला की मग नुसतं उकरत बसायचं.

माझ्या मामेभावाची वाळपईच्या पुढे काजूची जुनी बाग होती, वडिलांच्या हातची, निम्म्या झाडांना रोठा, म्हणजे खोड पोखरणारी कीड, लागलेला. रीतसर परवानगी काढली, नवीन कलमं लावायची म्हणून झाडं काढायचं ठरवलं, इथपर्यंत सगळं बरोबर. मी त्याला म्हटलेलं की मी येईपर्यंत काही कापू नको. पण लाकूडवाल्याने घाई केली आणि 43 झाडं जमिनीलगत कापून नेली. मग पोकलेन महाग पडतं म्हणून याने जेसीबी बोलावला. तीन दिवसांनी मला फोन, "भाऊ, जरा येऊन बघ रे."

गेलो तर तीन दिवसांत 11 बुंधे निघालेले. माझ्यासमोर बारावा चालला होता. काजूचं मूळ आडवं लांब पसरतं आणि आपल्या जांभ्यात चिऱ्याच्या फटीत शिरून बसतं, ते सहज सोडत नाही. बकेटचे दात बुंध्यावर नुसते घसरत होते, लाल साल सोलली जात होती, बुंधा जागचा हलत नव्हता. ऑपरेटर जोर लावायचा की मागचे जॅक जमिनीवरून उचलायचे आणि अख्खी गाडी बुंध्याकडे ओढली जायची. पोरगा नवीन होता, मालक बाजूला उभा राहून "लाव, लाव" म्हणतोय, त्याने आणखी जोर लावला आणि होज, म्हणजे तेलाचा पाइप, फुटला. गरम तेल फवाऱ्यासारखं उडालं, सगळं पाचोळ्यावर. हेल्पर दोन पावलं पुढे असता तर त्याच्या अंगावर आलं असतं. ते आठवलं की अजून पोटात गोळा येतो.

दुसऱ्या दिवशी 20 टनांचं पोकलेन आणलं, ज्याला आपल्याकडे दोनशेचं म्हणतात. उरलेले 32 बुंधे दीड दिवसात बाहेर. तासाचा रेट जास्त होता, ट्रेलरचं भाडं वेगळं होतं, तरी जेसीबीच्या वाया गेलेल्या तीन दिवसांपेक्षा ते स्वस्त पडलं. जेसीबी वाईट मशीन नाही, चर मारायला, ट्रक भरायला, रानमोडी-घाणेरीची झुडपं आणि मांडीएवढं जाड झाड काढायला उत्तम आहे. पण ती साधारण साडेसात-आठ टनांची चाकावरची गाडी, तिच्याकडून 20 टनांच्या चेनवाल्या मशीनचं काम मागायचं नाही.

माझी पद्धत अशी. फांद्या आधी उतरवायच्या, खोड छातीएवढं तरी उभं ठेवायचं, लाकूडवाल्याशी तसंच बोलून घ्यायचं, त्याला त्याचं लाकूड नंतर मिळतंच. पोकलेनने तीन बाजूंनी उकरून आडवी मुळं बकेटच्या दातांनी तोडायची आणि मग चौथ्या, मोकळ्या बाजूला झाड रेटायचं. माणसं निदान दोन झाडांच्या उंचीएवढी लांब. झाड पडलं की बुंधा उचलून दोन-तीनदा आपटायला लावतो, मुळातली माती तिथेच गळते. ऑपरेटर कंटाळतात पण मी सोडत नाही, ती माती माझ्या मालकाची आहे.

आंबा-फणसाच्या मोठ्या झाडाला आणि बांबूच्या बेटालाही पोकलेनच. बांबूचं बेट दिसायला किरकोळ, पण खालचं जाळं जेसीबीला रडवतं. कुळागरात, म्हणजे माड-पोफळीच्या बागेत, दोन माडांमधून जायचं असेल तर सात-आठ टनांचं छोटं पोकलेन बघा, मोठं आत घातलं तर जे ठेवायचंय तेच मोडेल.

जमिनीची वरची माती ढकलून देऊ नका

ही दुसरी चूक, आणि माझ्या मते पहिलीपेक्षा वाईट, कारण बुंधा उशिरा का होईना निघतो, गेलेली माती परत येत नाही. 2012 ला खाणी बंद पडल्या, नंतर 2018 ला परत बंद पडल्या, तेव्हा आमच्या भागात मोठमोठी मशीनं दारात उभी होती आणि मिळेल त्या कामाला लागत होती. मालकाचे हप्ते चालू, ऑपरेटरला घर चालवायचं, त्यांना काय बोलणार. पण खाणीवरच्या ऑपरेटरला माती म्हणजे वरचा कचरा असंच शिकवलेलं, ती बाजूला केल्याशिवाय खनिज दिसत नाही. तीच सवय बागायतीत आली.

डिचोलीजवळ एका गृहस्थांनी उताराची जमीन घेतलेली, आंब्याची बाग करायची होती. डोझर लावला, दोन दिवसांत जमीन कॅरमबोर्डासारखी सपाट, फोटो काढले, सगळे खूश. मी पुढच्या पावसाळ्यानंतर गेलो. पायाखाली टक-टक आवाज. वरची जी वीतभर माती होती ती सगळी बुंध्या-फांद्यांसकट खालच्या कोपऱ्यात ढिगाला लागलेली आणि बाकी जमिनीवर उघडा जांभा, पावसाने धुऊन आणखी कडक झालेला. खड्ड्यात पाणी तुंबून कलमांची पानं पिवळी. शेवटी त्यांनी ट्रकने माती विकत आणून घातली. स्वतःचीच माती कोपऱ्यात पडलेली, पण तिच्यात लाकूड कुजत होतं, वाळवी लागलेली, एका पावसात ढीग अर्धा खचलेला.

म्हणून मशीन ठरवायच्या आधी मी पहार घेऊन जमीन फिरतो. दहा-बारा ठिकाणी ठोकून बघतो. पहार हातभर सहज गेली तर बिनधास्त बोलू. वीतभरावर ठण्ण वाजली तर तिथे डोझर चढवायचाच नाही. लेव्हल करायचीच असेल तर वरची माती आधी पोकलेनने खरवडून एका बाजूला वेगळी रचायची, तिच्यात काडी-कचरा नको, खालचं काम झालं की तीच परत पसरायची. दोनदा हात लागतो, खर्च वाढतो, तरी मी असंच करतो आणि ज्यांना पटत नाही त्यांचं काम घेत नाही.

आणि मुळात, काजूला सपाट जमीन लागतेच कशाला? सात-आठ मीटरवर कलम, 60 सेंटिमीटरचा खड्डा, जांभा कडक असेल तर मीटरभराचा, झाडाच्या खालच्या अंगाला अर्धचंद्रासारखा बांध आणि यायला-जायला एक वाट. बाकी उतार तसाच राहू दे. आजकाल लोकांना शेत करायच्या आधी मैदान पाहिजे असतं, हे मला खरंच कळत नाही. टप्पे पाडायचेच असतील तर आतल्या अंगाला किंचित उतार ठेवा आणि तिथे चर काढा. आपल्याकडे वर्षाला सुमारे 3000 मिलिमीटर पाऊस पडतो, बाहेरच्या अंगाला पाणी सोडलं तर टप्पाच घेऊन जाईल.

बाकी पटापट सांगतो.

परवानगी आधी, मशीन नंतर. झाडं तोडायला 1984 च्या वृक्ष कायद्याखाली वनखात्याची, डोंगर कापायला किंवा सखल भाग भरायला नगरनियोजन कायद्याच्या 17-ए कलमाखाली. "रविवारी उरकून टाकू" म्हणणारा कंत्राटदार असेल तर त्याला चहा पाजून परत पाठवा.

रस्ता मोजा. मोठं पोकलेन ट्रेलरवरून येतं, वाटेत वळण, खाली आलेली विजेची तार, जुना साकव. चालत जाऊन बघा, मोटरसायकलवरून कळत नाही.

उतारावर चेनवालं मशीन सरळ वर-खाली चालवायचं, आडवं नाही. ऑपरेटर आडवा घालत असेल तर काम थांबवा, मग तो रागावला तरी चालेल.

मशीनच्या तासांच्या मीटरचा आकडा सकाळी आणि संध्याकाळी वहीत लिहा, ऑपरेटरची सही घ्या. ट्रेलरचं भाडं, कमीत कमी तास, डिझेल कोणाचं, हे आधीच बोला.

ओल्या मातीत, मळ्यात, खाजनात (खाडीकाठच्या सखल शेतात) जड मशीन उतरवू नका. माती दाबून जाते आणि पुढची कितीतरी वर्षं तिथे पाणी मुरत नाही. शेवटची लेव्हल ट्रॅक्टरच्या फळीने होते, त्याला मोठं मशीन लागत नाही.

आणि वेळ. नोव्हेंबर ते मार्च काम करा. मेच्या शेवटच्या आठवड्यात फोन करून "पाऊस यायच्या आत करून द्या" म्हणणाऱ्यांना मी सरळ नाही म्हणतो. मोकळी केलेली जमीन मिरगाच्या पावसात उघडी सापडली तर सगळी लाल माती व्हाळात जाते आणि खालच्या शेजाऱ्याच्या कुळागरात बसते. ज्यांचं काम एप्रिलपर्यंत लांबलं त्यांना मी एवढंच करायला लावतो: काढलेल्या फांद्या जाळायच्या नाहीत, उताराला आडव्या ओळींत रचायच्या, वर दगड ठेवायचे आणि पहिला पाऊस पडला की सगळीकडे तागाचं बी फेकायचं. मागच्या वर्षी मामेभावाच्या बागेत असंच केलं, ऑगस्टमध्ये गेलो तर प्रत्येक ओळीच्या वरच्या अंगाला बोटभर माती साठलेली आणि खालच्या व्हाळातलं पाणी बऱ्यापैकी स्वच्छ.